निळी पट्टी आणि वाकडी रेघ

आपल्या कॅरम बोर्डाला पोक आलंय, असं मी एका दुपारी जाहीर केलं, तेव्हा शेजारच्या भाभींनी हातातला स्ट्रायकर खाली ठेवला आणि मी त्यांच्या मुलालाच नावं ठेवली असावीत तशा माझ्याकडे बघत बसल्या. एका अर्थी ते खरंच होतं. बोर्ड त्यांच्या मुलाने घेऊन दिलेला. तो आखातात नोकरीला आहे, सुट्टीवर आला की आईला काही ना काही आणतो, आणि आईला साड्यांपेक्षा कॅरम प्रिय आहे हे त्याला ठाऊक आहे. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी त्यांना भाभी म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात, आणि जेवणं आटोपली की त्यांच्या ओटीवर आमचा डाव पडतो.

"वहिनी, सागवानाची चौकट हाय ती," त्या म्हणाल्या. "ती कशी वाकंल?"

मी म्हटलं, रत्नागिरीच्या हवेत काय वाकत नाही? दारं फुगतात, खिडक्या गणपतीपर्यंत लागेनाशा होतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. मग बोर्डालाच काय सोनं लागलंय? माझ्या समोरची स्ट्रायकर ठेवायची रेघ मधोमध वर उचललेली मला स्पष्ट दिसत होती. खालून कोणीतरी बोट लावून ढकलावी तशी. त्या उंचवट्यामुळेच माझे नेम चुकत होते, असा माझा दावा होता. मी कॅरम बरा खेळते. हे नम्रपणे सांगतेय. खरं म्हणजे मी कॅरम फार चांगला खेळते, आणि समोर उभी असलेली राणी भोकात न जाण्याचं दुसरं काही कारण मला पटण्यासारखं नव्हतं.

बोर्ड वाकण्याची ही गोष्ट नीट सांगायची तर आमच्या ह्यांच्यापासून सुरुवात करायला हवी. आमच्या घरातली कुठलीही गोष्ट ह्यांच्यापासूनच सुरू होते, असं ह्यांचं मत आहेच.

हे लोट्याला एका केमिकल कंपनीत होते, टेस्टिंगच्या लॅबमध्ये. आम्ही राहायला चिपळूणला, आणि ह्यांची सगळी नोकरी कंपनीच्या बसने जाण्यायेण्यात गेली. कंपनी रबरात घालायची एक पावडर बनवायची. ती घातली की टायर उन्हावाऱ्याने लवकर तडकत नाही. ह्यांचं काम म्हणजे तयार माल तपासायचा आणि पिंपावर लेबल लावायचं, पास झाला तर हिरवं, नापास झाला तर लाल. ह्यांनी हिरवं लेबल लावल्याशिवाय पिंप गेटाबाहेर जात नसे. तो रुबाब निवृत्तीच्या दिवशी कंपनीत ठेवून यायचा असतो, हे ह्यांना कोणी सांगितलं नाही. हे तो रत्नागिरीला घेऊन आले. दूधवाल्यासमोर हे दुधात काचेची नळी बुडवून बघतात. आमटीला हे सँपल म्हणतात. ताटात पहिला घास घेतला की क्षणभर थांबतात आणि "पास" म्हणतात. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे तपासायला घरात मी एकटीच होते.

त्यात मला शुगर निघाली.

डॉक्टरांनी सकाळची आणि संध्याकाळची गोळी दिली, चालायला सांगितलं, गोड बंद करायला सांगितलं, ठरल्या वेळी रक्त तपासा म्हणाले, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा दाखवून घ्या असंही म्हणाले. हे सगळं ऐकताना ह्यांची मान डोलत होती. ह्यांची मान डोलली म्हणजे ह्यांचं लक्ष दुसरीकडे आहे, हे मला कळतं. डॉक्टरांना कसं कळणार?

काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी हे मोबाइल हातात धरून स्वयंपाकघरात आले. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, कंपनीने परत बोलावलं.

"अगं," हे म्हणाले, "तुझा आजार म्हणजे माझाच विषय निघाला!"

कोणीतरी ह्यांना मधुमेहावरचा एक व्हिडिओ पाठवला होता आणि त्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द होता. हे पाटावर बसले आणि मी पोळ्या लाटत असताना ह्यांनी मला समजावलं. रक्तात साखर फार झाली की पेशी ती जाळताना नको ते तुकडे जास्त सुटतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. ते दिसेल त्याला चावत सुटतात, म्हणजे रक्तवाहिन्यांना, मूत्रपिंडाला, पायाच्या नसांना, डोळ्याच्या पडद्याला. त्यांना आवरायला शरीराची स्वतःची माणसं असतात, पण मधुमेहात ती कमी पडतात. तेव्हा बाहेरून कुमक पाठवायची. त्या कुमकेचं नाव अँटिऑक्सिडंट. कंपनीची ती रबरातली पावडरही त्याच जातीची.

"समोरच्या ग्रिलला गंज चढतो ना, तसंच हे."

"म्हणजे मला गंज लागलाय?"

"गंज लोखंडाला," हे म्हणाले. "तुझं रबरासारखं आहे. तडे जातात."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याने टायर ठरवलेली आमच्या आळीतली मी पहिलीच असेन.

आता गंमत अशी की ह्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. खोटं असतं तर मी लगेच ओळखलं असतं, मला सवय आहे. पण इथे शास्त्र होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ते ह्यांना येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर प्रक्रिया सुरू झाली. सकाळी अनशापोटी आवळ्याचा रस. त्यावर कढीपत्ता चावून खायचा. मग जांभळाच्या बियांची पूड, जिची चव अशी की यमदूतसुद्धा उंबऱ्यावरून माघारी जाईल. दुपारी कोकमाचं आगळ, बिनसाखरेचं. रात्री हळद. काजू लागले तेव्हा बोंडू आले, आणि बोंडू खाऊन घसा धरला तेव्हा हे म्हणाले, बघ, काम करतंय.

ह्यांनी हा शब्द स्वतःपाशी ठेवला असता तरी चाललं असतं. ह्यांनी तो आळीभर वाटला. अँटिऑक्सिडंट आमच्या आळीत आला आणि तिथल्या मधुमेह्यांचे चांगले दिवस आले. इतकी वर्षं चोरून खाल्लेलं सगळं आता उजळ माथ्याने ताटात येऊ लागलं. कोणाचं डॉक्टरांनी बंद केलेलं चॉकलेट सुरू झालं, कारण काळ्या चॉकलेटात ते असतं म्हणे. हापूसच्या दिवसांत तर विचारूच नका. रंग पिवळा म्हणजे आत ते ठासून भरलेलं, असा एका निवृत्त मास्तरांचा सिद्धांत होता, आणि तो सिद्ध करायला ते रोज दुपारी बसत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने मला वाण म्हणून आवळ्याच्या रसाची बाटली दिली आणि वर तिळाची वडी पुढे केली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "घ्या हो, तिळातपण असतं ते तुमचं." वडीत गूळही असतो, ही गोष्ट त्या दिवशी कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती.

भाभी मागे कशा राहतील? त्यांचा मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याने नळीतल्या गोळ्या आणल्या होत्या. मोठ्या, नारिंगी, पाण्यात टाकली की फसफसणाऱ्या. त्यातली एक नळी त्यांनी मला दिली.

"बिनसाखरेची हाय, वहिनी. पाण्यात टाका नि प्या. अंगात तरतरी येते."

ह्यांनी नळी हातात घेतली, भिंग लावून वाचली आणि हात जोडले. निव्वळ व्हिटॅमिन सी. एका आवळ्यात मावणार नाही एवढं एका गोळीत. "हा तर राजा आहे," हे म्हणाले, आणि त्या मुलाला फोन करून ह्यांनी आणखी पिशवीभर नळ्या मागवल्या. सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक ग्लास. मला तो फेस आवडायचा, खोटं कशाला बोलू? दिवसभराच्या कडूतुरटात तेवढंच काय ते पिण्यासारखं होतं.

पण माल नुसता बनवून भागत नाही, तपासावा लागतो. आणि इथे ह्यांची अडचण होती. ह्यांना सुई बघवत नाही. टोचतात मला आणि भोवळ ह्यांना येते. डॉक्टरांकडे पहिल्यांदा रक्त काढलं तेव्हा नर्सने मला सोडून ह्यांना पाणी दिलं होतं. शिवाय बाहेरच्या लॅबवर ह्यांचा कधीच विश्वास नव्हता. दुसऱ्याने तपासलेला माल हे माल समजतच नाहीत. म्हणून ह्यांनी अगदी सुरुवातीलाच मेडिकलमधून लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी आणली होती. पट्टीच्या टोकाला एक छोटा निळसर चौकोन असतो. साखर नसली तर तो निळा राहतो, असली तर हिरवट होतो, फार असली तर तपकिरी. टोचणं नाही, रक्त नाही, आणि बाहेरचा माणूसही नाही. ह्यांना हवं होतं तसंच सगळं.

आवळा सुरू व्हायच्या आधी केलेल्या पहिल्या तपासणीत चौकोन हिरवा झाला होता. नारिंगी गोळ्या सुरू झाल्यावर तो निळाच राहू लागला. रोज सकाळी हे न्हाणीच्या दारात घड्याळ बघत उभे असायचे, मी पट्टी बाहेर द्यायची, हे ती डबीवरच्या रंगांशी लावून बघायचे आणि आत माझ्यापर्यंत आवाज यायचा, "पास!" शेजारी भाभींपर्यंतही जायचा. मग कपाटातून माझं हिरव्या टिकल्यांचं पाकीट काढून हे त्या दिवसाच्या तारखेवर एक टिकली चिकटवायचे. पट्टी निळी आणि टिकली हिरवी असं का, विचारलं तर म्हणाले, पासला हिरवंच लावतात. बघता बघता भिंतीवरचं कॅलेंडर नव्या नवरीसारखं दिसू लागलं. माझ्या कपाळाला मात्र लाल टिकलीवर भागवावं लागलं, कारण हिरव्या कॅलेंडरच्या कामावर रुजू झाल्या होत्या.

अशा बऱ्याच टिकल्या झाल्यावर एक दिवस ह्यांनी माझी संध्याकाळची गोळी बंद केली.

"माल सारखा पास होतोय," हे म्हणाले. "मग पोटात उगाच केमिकल कशाला?"

ज्या माणसाचं अख्खं घर केमिकलवर उभं राहिलं, तो माणूस हे म्हणाला. मी हसले. गोळी बंद झाली म्हणून मलाही बरंच वाटलं होतं. रक्त तपासायची वेळ आली आणि गेली, डोळे दाखवायचं वर्ष आलं आणि गेलं. पास झालेला माल परत तपासायला कोण पाठवतो?

मग मला तहान लागू लागली. मी म्हटलं, अहो, घसा सारखा कोरडा पडतो.

"पट्टी निळी आहे," हे म्हणाले. "उकडतंय किती, बघतेस ना?"

पायाला मुंग्या येतात म्हटलं तर, "पट्टी निळी आहे. मांडी घालून बसू नकोस."

फार थकवा येतो म्हटलं तर ह्यांनी तिसरा नारिंगी ग्लास सुरू केला.

आणि मग बोर्डाला पोक आलं.

भाभींनी त्या दुपारी माझ्याशी वाद घातला नाही. त्या आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन आल्या. एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोरा बोर्डावरच्या रेघेवर ताणून धरला.

"आता बघा. रेघ दोऱ्याला लागून हाय का नाय?"

मी बघितलं. रेघ दोऱ्याला लागून होती. कुठेही फट नव्हती. पण दोराही मधोमध वर उचललेला होता.

मी माझं टोक आणखी ओढलं. बोटात रुतेपर्यंत ओढलं. ताणलेला दोरा कसा वाकेल? भाभी काहीतरी विचारत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. मी डावा डोळा मिटला. दोऱ्याला पोक होतंच, उलट मधला तुकडा पुसट झाला. मग उजवा मिटला. दोरा सरळ, रेघ सरळ, चौकट सरळ, बोर्ड जसा मुलाने आणला तसाच.

"भाभी," मी म्हटलं, "बोर्ड चांगला आहे." आणि मला रडू फुटलं. उजव्या डोळ्यावर हात ठेवून मी त्यांच्या ओटीवर ढसाढसा रडले. भाभींनी सोंगट्या बाजूला सारल्या आणि मला जवळ घेतलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपर वाचत होते. सवयीने म्हणाले, "पण पट्टी तर निळी..."

"पट्टीला डोळे आहेत का?" मी ओरडले. इतकी ओरडले की ह्यांच्या हातातला पेपर खाली आला. मी त्यांच्यापुढे वहीचा कागद धरला. "ह्या ओळी मला लाटांसारख्या दिसतायत. मांडवीच्या समुद्रासारख्या. आता म्हणा पास."



दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. भाभी स्वतःहून बरोबर आल्या. हेही आले, शर्टाच्या खिशात पट्ट्यांची डबी घालून, पुरावा म्हणून. डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होत्या, बोलायला शांत. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ बसवलं, मशीनवर हनुवटी टेकायला लावून पडद्याचे फोटो काढले. मग बोट टोचून साखर बघितली. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आकडा बघून बाईंनी तो मोठ्याने वाचला नाही, मशीनच ह्यांच्यापुढे केलं.

"पडद्याला सूज आहे," त्या मला म्हणाल्या. "बरेच महिने साखर वर असल्यासारखं दिसतंय. बारीक रक्तवाहिन्यांमधून पाझर झालाय, अगदी नजरेच्या मध्यावर. म्हणून रेघ वाकडी दिसते."

"शक्य नाही," हे म्हणाले, आणि डबी टेबलावर ठेवली. "रोज तपासलंय मी. स्वतः. एकदाही रंग बदललेला नाही."

बाईंनी डबी फिरवून बघितली. मग मला विचारलं, "काकू, औषधांशिवाय आणखी काय घेता?"

मी सांगायला लागले. आवळा, कढीपत्ता, जांभूळ, आगळ, हळद, बोंडू. बाई ऐकत होत्या. नारिंगी गोळ्यांचं नाव काढलं तशा त्या पुढे झुकल्या. किती घेता? आता तीन ग्लास, मी म्हटलं.

त्यांनी ह्यांच्याकडे वळून विचारलं, "काका, तुम्ही केमिस्ट्रीचे ना? या चौकोनावर रंग कसा येतो?"

हे ताठ झाले. इतक्या दिवसांनी ह्यांना कोणीतरी ह्यांच्या विषयातलं विचारलं होतं. परीक्षेला बसल्यासारखे सांगू लागले. "सोपं आहे. पट्टीवर साखरेचं ऑक्सिडेशन होतं. त्यातून पेरॉक्साइड तयार होतं. ते पेरॉक्साइड मग रंगाच्या द्रव्याचं ऑक्सिडेशन करतं आणि..."

इथे हे थांबले. हात तसाच हवेत राहिला. मी ह्यांना वादात हरलेलं पाहिलंय, आजारी पाहिलंय, आईला पोचवून आलेलं पाहिलंय. पण असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"आणि त्यात अँटिऑक्सिडंट असेल तर?" बाईंनी हळूच विचारलं.

"तर रंग येणार नाही," हे म्हणाले.

मला समजेल असं बाईंनी मग सांगितलं. एवढं व्हिटॅमिन सी शरीर ठेवून घेत नाही, जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतं. पट्टीवर साखर रंग आणायला निघाली की ते व्हिटॅमिन वाटेतच तिचं पेरॉक्साइड खाऊन टाकतं. साखर असते, फक्त चौकोन निळा राहतो. आणि तसंही लघवीत साखर उतरते ती रक्तातली फार चढल्यावर, म्हणून नुसत्या पट्टीच्या भरवशावर राहायचंच नसतं. आवळा खा, कोकम प्या, त्या म्हणाल्या, भाजी-फळातून आलेलं चांगलंच. पण वरून गोळ्या ओतून डोळा वाचतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. साखर चढलेली राहिली की आतली नासधूस चालूच राहते. आधी साखर खाली आणा, संध्याकाळची गोळी आजपासून सुरू करा, आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना उद्याच भेटा.

म्हणजे ह्यांनी मला महिनोन् महिने जे पाजलं, त्याने आपलं काम चोख केलं होतं. माझ्या शरीरात किती केलं, देव जाणे. त्या निळ्या चौकोनाचं मात्र त्याने डोळ्यांत तेल घालून रक्षण केलं होतं.

आणि हे ह्यांना माहीत होतं. लोट्याला असताना एकदा कोणा नवशिक्याच्या हाताला लागलेली पावडर सँपलमध्ये पडली होती आणि रंगाची सगळी तपासणी फसली होती. ती गोष्ट ह्यांनी मला जेवताना इतक्या वेळा सांगितली होती की मी झोपेतही म्हणून दाखवीन. आपलाच माल आपल्या सँपलमध्ये पडू द्यायचा नाही, हे त्या गोष्टीचं तात्पर्य असायचं.

"नजर वाचेल ना?" मी बाईंना विचारलं.

"आहे ती टिकवायचा प्रयत्न करू. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, महिन्याच्या अंतराने. गेलेली किती परत येईल, ते आज नाही सांगता यायचं."

रिक्षात मी मधे बसले होते. थेंबांमुळे बाहेरचं सगळं पांढरंफटक दिसत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी म्हटलं, "तुमची पट्टी वाचली, माझा डोळा चाललाय." भाभींनी माझा हात दाबला, पण मला बोलायचंच होतं. "मी सांगत होते. तहान लागते सांगत होते, मुंग्या येतात सांगत होते. तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का? माझ्याऐवजी मुताला विचारत बसलात."

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. हे बाहेर बघत होते. माझ्या खांद्याला ह्यांचा खांदा लागला होता आणि तो हलत होता. मला वाटलं रस्ता खराब आहे. मग कळलं, हे रडतायत. मला दया आली नाही. ती नंतर आली, आणि तेव्हाही थोडीच आली.

भाभी आमच्या दारात उतरताना म्हणाल्या, "आमच्या गोल्यांनीच घात केला वहिनी." मी म्हटलं, गोळ्यांनी काही केलं नाही भाभी, त्या बिचाऱ्या जिथे घातल्या तिथे काम करत होत्या. ह्यांनी ते ऐकलं. ऐकावं म्हणूनच मी बोलले होते.

आता आमच्याकडे रक्ताचं मशीन आहे. बोट टोचायचं म्हटलं की आधी हे डोळे मिटतात, म्हणून सुई मीच मारते आणि आकडा हे वाचतात. नारिंगी नळ्या गेल्या, जांभळाची पूड गेली. आवळा राहिला, लोणच्यात. आळीत मात्र मास्तरांचा हापूसचा सिद्धांत अजून चालू आहे. ह्यांनी त्यांना पट्टीची गोष्ट सांगितली, तर ते म्हणाले, "म्हणजे पट्टीवरसुद्धा परिणाम करतो, बघा केवढी ताकद!"

डोळ्यात पहिलं इंजेक्शन घेतलं तेव्हा मी आत होते आणि हे बाहेर बाकावर. मला काही फार दुखलं नाही. बाहेर आले तर नर्स ह्यांना लिंबूपाणी पाजत होती.

घरी आल्यावर आमचा एक नवा नेम सुरू झाला. तो डॉक्टरीणबाईंनीच सांगितला होता. रोज सकाळी एक-एक डोळा झाकून सरळ रेघ बघायची आणि फरक पडला तर कळवायचं. त्यांनी चौकटीचा एक छापील कागद दिला, पण मला बोर्डाची सवय. भाभींनी बोर्ड आमच्या घरी आणून ठेवला. म्हणाल्या, तुम्ही बऱ्या झालात का परत घेऊन जाईन. सकाळी चहा झाला की मी बोर्डापुढे बसते, डाव्या डोळ्यावर हात ठेवते, आणि हे समोर बसतात. ह्यांना कॅरममधलं ओ की ठो कळत नाही. हातात ना घड्याळ, ना पट्टी, ना भिंग. माझ्या डोळ्याच्या आत काय दिसतंय, ते तपासायला ह्यांच्याकडे काहीही नाही.

म्हणून हे विचारतात, "कशी दिसतेय?"

सुरुवातीला मी उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावायचे. मला तेवढा सूड हवा होता. हे श्वास रोखून बसायचे. "वाकडी," मी म्हणायचे, आणि हे मान खाली घालून माझी गोळी आणायला उठायचे. एकदाही म्हणाले नाहीत की नीट बघ, तुझी बघायची पद्धत चुकतेय.

दुसऱ्या इंजेक्शननंतर काही दिवसांनी रेघ जरा खाली बसल्यासारखी वाटली. मधला उंचवटा होता, पण पसरट झाला होता. मी तसं सांगितलं. ह्यांचा हात आपोआप कपाटाकडे गेला आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन आला. त्यात थोड्याच टिकल्या उरल्या होत्या. एक सोडवून हे कॅलेंडरपाशी गेले आणि तिथे थबकले. मागच्या महिन्यांची पानं तशीच होती, हिरवीगार. टिकली बोटाच्या टोकावर घेऊन हे माझ्याकडे वळले.

"लावू का?" ह्यांनी विचारलं.

"नका लावू," मी म्हटलं. "इकडे द्या."

टिकल्या माझ्याच होत्या. मी ती ह्यांच्या बोटावरून काढून घेतली, भिंतीवरच्या आरशासमोर गेले आणि कपाळाला लावली. मग डावा डोळा मिटून आरशात बघितलं. हे मागे उभे होते, कडेला स्पष्ट दिसत होते. मधे माझा चेहरा पाण्यात पडल्यासारखा होता, आणि त्यात एक हिरवा डाग.

"कशी दिसतेय?" ह्यांनी पुन्हा विचारलं.

"गोल नाहीये," मी म्हटलं. "पण दिसतेय."